लिहिलं म्हणजे नेमकं कुठे?

पेनड्राइव्हवर मोठी फाइल टाकताना लिनक्स वापरणाऱ्यांना एक गंमत हमखास दिसते. पट्टी सुसाट धावते, बघता बघता शंभर टक्के होतात. मग पेनड्राइव्ह काढायला जावं, तर यंत्र ढिम्म. त्याचा दिवा आपला लुकलुकतोच आहे. भाच्याच्या मुंजीची पत्रिका छापायची होती तेव्हा मी घाईघाईत पट्टीवर विश्वास ठेवला आणि पेनड्राइव्ह ओढून काढला. डीटीपीवाल्याच्या पडद्यावर फाइलचं नाव होतं, आकार शून्य. "काका, यात काहीच नाहीये." मी हुज्जत घातली, कॉपी पूर्ण झालेली मी डोळ्यांनी पाहिलीय म्हणून. खोटं दोघांपैकी कोणीच बोलत नव्हतं. फाइल लिहून झाली होती, पण लॅपटॉपच्या मेमरीत.

जुन्या वळणाचं दुकान पाहिलेल्यांना हे समजायला जड जाऊ नये. गिऱ्हाईक समोर उभं असताना उधारी कच्च्या वहीत टिपायची, गर्दी ओसरली की खतावणीत चढवायची. ऑपरेटिंग सिस्टीम हेच करते. प्रोग्रामने 'लिही' म्हटलं की मजकूर मेमरीतल्या एका पानावर उतरवते, त्या पानाला 'डर्टी' अशी खूण करते आणि 'झालं' म्हणून मोकळी होते. डिस्कवर चढवणं मागाहून, सवडीने. वाचतानाही तेच धोरण: एकदा आणलेलं पान हाताशी ठेवायचं, कारण आत्ता लागलेलं थोड्या वेळाने पुन्हा लागतं.

लिनक्सचा पूर्वज असलेल्या युनिक्समध्ये ही युक्ती सुरुवातीच्या काळापासून आहे. बेल लॅब्जच्या पीडीपी-११ यंत्रांत मेमरी किलोबाइटांत मोजायची, डिस्कचा ब्लॉक ५१२ बाइटांचा, आणि तबकडी फिरून हवी ती जागा समोर येईपर्यंत सगळं काम खोळंबलेलं. म्हणून मेमरीतले मोजके बफर या कामाला बाजूला काढले होते. केन टॉम्पसन यांनी १९७८ साली 'बेल सिस्टीम टेक्निकल जर्नल'मध्ये युनिक्सच्या अंतर्रचनेवर लेख लिहिला, त्यात या व्यवस्थेचे फायदे आहेतच. पण त्यांनी तोटेही मोजून दाखवले, आणि मला तो भाग जास्त मोलाचा वाटतो. यंत्र अचानक बंद पडलं, तर 'झालं' म्हणून सांगितलेलं पण न उतरलेलं बरंच काही जातं. डिस्कवर उतरण्याचा क्रम प्रोग्रामने सांगितलेल्या क्रमासारखाच राहील असं नाही. आणि मागाहून डिस्कने 'जमत नाही' म्हटलं, तर ते कळवायचं कोणाला? ज्याने लिहायला सांगितलं तो प्रोग्राम तोवर पुढे निघून गेलेला. हे शेवटचं दुखणं जवळजवळ असाध्य आहे, अशी कबुली त्या लेखात आहे.

पुढची चाळीस वर्षं डागडुजी झाली ती मुख्यतः पहिल्या दोन दुखण्यांवर. दर तीस सेकंदांनी सगळे बफर डिस्कवर रिते करणारा एक प्रोग्राम मागे चालू ठेवत. यंत्र बंद करण्याआधी 'सिंक' हा आदेश तीनदा टाइप करायचा, हा तर जुन्या युनिक्सवाल्यांचा आचमनासारखा विधीच होता. मग ४.२ बीएसडी या १९८३ च्या युनिक्स-आवृत्तीत 'एफसिंक' आलं: ही एक फाइल आत्ताच्या आत्ता उतरव, उतरल्याशिवाय परत येऊ नकोस. डेटाबेसवाले मात्र एकूणच नाराज होते. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८१ मध्येच लिहिलं होतं की कुठलं पान ठेवावं आणि कुठलं टाकावं हे डेटाबेसला जास्त कळतं, ऑपरेटिंग सिस्टीमची लुडबुड त्याला नको आहे.

दरम्यान ती कच्ची वही फुगत गेली. फाइल थेट मेमरीत जोडून वाचायची सोय आल्यावर एकाच फाइलच्या दोन प्रती होऊ लागल्या, एक बफरांत आणि एक प्रोग्रामच्या पानांत, आणि दोहोंचा मेळ घालणं हा नवाच ताप झाला. सनओएस ४.० या १९८८ च्या युनिक्स-आवृत्तीने हे दोन संसार एकत्र केले. लिनक्समध्ये ते काम २००१ च्या २.४ आवृत्तीत मार्गी लागलं. आता मोकळी पडलेली सगळी मेमरी फाइलींच्या पानांनी भरायची, कोणी मागितली की सोडायची. नवखा माणूस मोकळ्या मेमरीचा आकडा बघून दचकतो तो यामुळेच. खरं तर रिकामी मेमरी हीच उधळपट्टी.

टॉम्पसन यांचं तिसरं दुखणं बरोबर चाळीस वर्षांनी, २०१८ मध्ये, पोस्टग्रेस या डेटाबेसच्या वाट्याला आलं. एफसिंक अपयशी ठरलं तर पोस्टग्रेस ते पुन्हा करून बघे. दुसऱ्यांदा यश मिळे, आणि आता सगळं उतरलं असं समजून तो आपली रोजकीर्द, म्हणजे बदलांची आधी लिहून ठेवलेली नोंद, निकालात काढे. पण लिनक्सने पहिल्या अपयशानंतर त्या पानांवरची डर्टी ही खूणच पुसलेली असे! दुसऱ्या वेळी उतरवायला काही उरलंच नव्हतं, म्हणून 'यश'. मजकूर मधल्यामध्ये गडप.

वाचल्यावर पहिल्यांदा मला लिनक्सचाच राग आला. पण लिनक्सवाल्यांचंही म्हणणं होतं. न उतरणारी पानं डर्टीच ठेवली तर ती कधीच सोडता येणार नाहीत, हळूहळू मेमरी तुंबेल. आणि पानं न उतरण्याचं नेहमीचं कारण कुठलं? कोणीतरी मधेच पेनड्राइव्ह ओढून काढलेला असतो. हे वाचून मी गप्पच बसलो.

पोस्टग्रेसने फेब्रुवारी २०१९ मध्ये आपली रीत बदलली. एफसिंक एकदा जरी फसलं तरी आता तो पुन्हा विचारत बसत नाही. जागच्या जागी स्वतःला बंद पाडतो, आणि पुन्हा उठल्यावर रोजकीर्दीतली एकेक नोंद वाचून खतावणी नव्याने चढवायला घेतो.