ऐकणाऱ्याचाही उपचार

अर्धांगवायूनंतर हातापायांची काळजी सगळं घर घेतं. मालिश सुरू होते, व्यायाम शिकवणारा घरी येतो. वाचा गेली असेल तर मात्र ‘येईल हळूहळू’ म्हणून सोडून दिलं जातं. हा मला त्या माणसावरचा मोठा अन्याय वाटतो.

वाचाघातात माणसाची बुद्धी जात नाही, अडतो तो शब्द. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोकांनी १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या रुग्णालयात पाहिलेला रुग्ण ‘टॅन’ याखेरीज जवळजवळ काहीच बोलू शकत नव्हता, पण विचारलेलं त्याला बरंच कळत होतं. वाचाघात झालेला एखादा माणूस पाणी मागू शकत नाही, आरती मात्र चालीवर म्हणतो. घरच्यांना ते ढोंग वाटतं. ते ढोंग नव्हे. पाठ झालेलं म्हणणं वेगळं आणि मनातलं वाक्य जुळवणं वेगळं. बोस्टनच्या संशोधकांनी १९७३ मध्ये याच निरीक्षणावर उपचार उभा केला. रुग्ण डाव्या हाताने ठेका धरून ‘पाणी हवं’ चालीत म्हणतो, मग चाल हळूहळू सुटत जाते. सगळ्यांनाच तो लागू पडत नाही.

थेरपी तासभराची, बाकीचा दिवस घराचा. तिथे लोक त्याच्याशी ओरडून बोलतात, जणू तो बहिरा आहे. त्याचं वाक्य स्वतःच पुरं करतात. त्याच्या देखत ‘यांना काय द्यायचं?’ असं दुसऱ्यालाच विचारतात. म्हणून चांगला थेरपिस्ट बायकोला, मुलाला शेजारी बसवून शिकवतो: टीव्ही बंद करा, एका वेळी एकच प्रश्न विचारा, कागद-पेन्सिल जवळ ठेवा आणि थांबा. हे थांबणंच सगळ्यात जड जातं.

मुलांच्या बाबतीतही तेच. अडखळणाऱ्या पोराला ‘नीट बोल’ म्हटलं की त्याला सांगायचं असतं ते बाजूला राहतं. उशिरा बोलणाऱ्याची आधी श्रवणचाचणी हवी. आपण मात्र दोन भाषांनी तो गोंधळेल म्हणून घरातली मराठी बंद करतो. दोन भाषा कानावर पडल्याने वाचादोष होतो याला पुरावा नाही. उलट मराठी बंद केल्याने आजीशी होणाऱ्या गप्पा तेवढ्या तुटतात.

वाचाउपचारतज्ज्ञ बहुतेक करून शहरांतच आहेत. तालुक्याच्या गावी ते मिळेपर्यंत निदान ऐकणाऱ्याचा भाग तरी घरच्यांना शिकवता येईल. त्याला यंत्र लागत नाही. रुग्णालयातून घरी सोडताना गोळ्यांच्या वेळा समजावतात, त्याच बैठकीत हेही सांगावं.