मैतरणींची तिथी

वैशाखात खान्देशातलं शेत मोकळं असतं. पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, गहू, हरभरा, दादर ज्वारी घरात आलेली असते आणि नांगरलेली काळी जमीन मृगाची वाट पाहत तापत पडलेली असते. जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो. धुळ्यात अकरा वाजले की आग्रा रोडवरची गर्दी ओसरते, दुकानांची फळकुटं अर्धी लागतात. या उन्हाला सगळे नावं ठेवतात. पण मला वर्षानुवर्षं असं वाटत आलंय, की आमच्याकडची मैत्री या उन्हानेच जपली. मैत्रीला लागतो रिकामा वेळ, आणि कष्टकरी माणसाला तो कुणी आपणहून देत नाही. इथे तो उन्हानं दिला आणि पंचांगानं त्यावर नाव घातलं: आखाजी.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. ती सगळ्या महाराष्ट्रात होते, पण खान्देशात ती दिवाळीच्या तोलाची. याचं एक कारण सालदारीत आहे. वर्षाच्या बोलीनं शेतात राबणाऱ्या सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि पुढचं साल आखाजीलाच ठरतं. जुना करार सुटला आणि नवा अजून सुरू झाला नाही, अशा त्या फटीत हा माणूस कुणाचाच चाकर नसतो. निंबाखाली, मारुतीच्या पारावर, ओट्यांवर पत्त्यांचे डाव पडतात, आणि एरवी ज्याच्या बांधावर उभं राहायचं त्याच्याच समोर बसून सालदार पानं टाकतो. पैशांवर खेळून कित्येक घरांनी हाल सोसले आहेत, त्या जुगाराची बाजू मी घेणार नाही. पण एका सतरंजीवर मालक आणि सालदार गुडघ्याला गुडघा लावून हसतात, असे दिवस वर्षात किती येतात?

तरी आखाजी खरी बायकांची. पुरुषांना पार होता, चहाचं दुकान होतं, आठवड्याचा बाजार होता. लग्न झालेल्या मुलीला मैत्रिणीकडे जायला कुठलंच निमित्त नसे. मुलगी सासरी गेली की आईबाप, भाऊ दिवाळीला भेटत. बरोबर वाढलेल्या मुली मात्र दहा गावांत पांगलेल्या. त्या सगळ्या एकाच वेळी एकाच गल्लीत परत येण्याची सोय आखाजीनं केली. भाऊ मुराळी म्हणून तिला आणायला जातो, लेक माहेरी येते, निंबाला दोर बांधले जातात. घरात पितरांसाठी घागर भरली जाते, तिच्यावर खरबूज, आंबे, सांजोऱ्या ठेवल्या जातात. खापरावर हात-हात रुंद मांडे उलटले जातात, आमरसाची पातेली भरतात. जेवणं उरकली की सगळ्या झोक्यापाशी. गाण्यांमधली गौराईही माहेरी आलेली असते आणि शंकर तिला न्यायला येतो. देवीलासुद्धा परत जावंच लागतं, हे त्या गाण्यांना ठाऊक असतं.

बहिणाबाई चौधरी 1880 साली असोद्याला जन्मल्या आणि जळगावला नांदल्या. आखाजीवरची त्यांची कविता मराठी घरांत पाठ आहे. असोदा ते जळगाव हे अंतर फार तर दोन कोसांचं, धडधाकट बाई सकाळी निघून दुपारच्या भाकरीला परत येईल एवढं. तरी त्या कवितेत माहेरचा झोका वर्षभर वाट पाहण्याची गोष्ट होऊन येतो. मधे रस्ता आडवा नव्हता, परवानगी आडवी होती. आखाजीनं ती परवानगी सासूच्या किंवा नवऱ्याच्या मर्जीवर ठेवली नाही, सणाच्या हक्कात घातली. लेकीला आखाजीला धाडलं नाही, तर गाव बोलत असे. कुणाच्या मैत्रीसाठी गावानं बोलावं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आणि मग ती गाणी. दोन गल्ल्यांतल्या, कुठे नदीच्या दोन काठांवरच्या दोन गावांतल्या मुली-बाया समोरासमोर उभ्या राहतात आणि गाण्यातून एकमेकींचा उद्धार करतात. समोरचीचा भाऊ, तिचं घर, तिचा तोरा, काही सुटत नाही. अहिराणीत शिवीला जी चव आहे ती या दिवशी उघड्यावर येते. वर्षभर पदर सांभाळून, मान खाली घालून वावरणारी बाई इथे मोठ्यानं, गावासमोर, ताल धरून शिव्या घालते आणि पोट धरून हसते. शहाण्यासुरत्या लोकांनी या गाण्यांना ओंगळ म्हटलं. मला त्यात विश्वास दिसतो. जिच्यावर मनापासून हसता येतं आणि संध्याकाळी जिच्या ताटात जेवता येतं, तिच्याशी नातं किती पक्कं असेल! गोड बोलणं परक्याशीही जमतं.

आखाजीच्या आगेमागे आणखी एक उद्योग चालू असतो. बिबडे, कुरडया, पापड, शेवया. यातलं एकही काम एकटीनं होत नाही, निदान होऊ नये. ज्वारी भिजवून, दळून रात्री ठेवलेली असते. पहाटे चारला चूल पेटते, मोठ्या पातेल्यात पीठ शिजतं, एक जण ते हलवते, दुसरी भांडं धरते, आणि बाकीच्या ऊन चढायच्या आत धाब्यावर ओल्या धोतरावर बिबडे थापत जातात. आज एकीचे, उद्या दुसरीचे. मजुरी कुणी कुणाला देत नाही, पण कुणाकडे किती वेळा गेलो याचा हिशेब सगळ्यांच्या डोक्यात पक्का असतो. मुलांच्या वाट्याला कुरडईचा गरम चीक आणि तेलात बुडवलेल्या पापडाच्या लाट्या येतात, बदल्यात कावळे हाकण्याची राखण. त्या पहाटेच्या वाफेत कोणाची सासू कशी, कोणाला दिवस गेलेत, कोणाचा नवरा हात उचलतो, हे सगळं बोललं जातं. हात कामात असले की तोंडून अवघड गोष्ट सोपी निघते. वर्षभराचं तळण डब्यात भरलं जातं तोवर प्रत्येकीचं ओझं चौघींनी उचललेलं असतं.

पोरांचा उन्हाळा विहिरीत जाई. पाठीला वाळका भोपळा बांधून थोरल्यानं धाकट्याला ढकलायचं, तो ओरडला की चार जणांनी सूर मारायचे, मग बाजूच्या केळीच्या बागेत, पानांच्या ओल्या गारव्यात लोळायचं. जळगावच्या केळीला आता ठिबकनं पाणी जातं आणि ते बऱ्याच ठिकाणी बोअरवेलचं असतं. पाण्याची बचत झाली, केळी टिकली, हे चांगलंच झालं. पण सहा इंचांच्या पाइपात कुणी सूर मारत नाही. उघडी विहीर गेली तेव्हा मुलांची भेटण्याची जागा गेली, आणि तिच्याऐवजी काय द्यायचं याचा विचार ना ग्रामपंचायतीनं केला, ना आपण.

तसंच आता आखाजीचं होऊ घातलंय. अंतर कमी झालं, परवानगीचा काचही पुष्कळ घरांत सैल झाला. सुरतेच्या उधन्याहून, लिंबायतहून ताप्ती लाइनच्या गाडीनं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरला उतरणाऱ्या लेकी अजून येतात, पुण्या-नाशिकहून बसनं येतात. पण रोज फोनवर बोलणं होतं, म्हणून भेट पुढे ढकलली जाते. 'कधीही भेटू' म्हणता म्हणता तिथी निसटते. मे महिन्याचा पहिला आठवडा आता नीटच्या परीक्षेचा झालाय. 2025 साली आखाजी 30 एप्रिलला आली आणि परीक्षा 4 मेला. ज्या घरात बारावीचा मुलगा, तिथली आई माहेरी गेली नाही. अकरावीला क्लास असतो म्हणून त्याआधीच्या वर्षीही नाही. मुलगा कॉलेजात जातो तोवर धाकटीची दहावी येते. असं करत करत बाई पन्नाशीला पोचते आणि तिच्या मैतरणी तिला फक्त लग्नात, नाहीतर दहाव्याला भेटतात.

माझी मागणी साधी आहे. परीक्षेच्या घरात बाप असतोच. पोराला डबा, वेळेवर पाणी आणि केंद्रापर्यंत सोबत तो देऊ शकतो, बिनतक्रार देऊ शकतो. भावानं आखाजीच्या आठ दिवस आधी फोन करून 'जमलं तर ये' म्हणू नये. पूर्वीसारखं दारात येऊन उभं राहावं, बहिणीची पिशवी उचलावी आणि मेहुण्याला सांगावं, की आठ दिवस ही आमची. गल्लीत निंब तोडला असेल तर कुणाच्या गच्चीच्या कडीला दोर बांधा, पण बांधा. आणि पलीकडच्या गल्लीतल्या बायांना आधी निरोप द्या, म्हणजे त्या आपल्या शिव्या घोकून येतील.