अक्षर येते, शब्द का अडतो?

पहिलीतली मुलगी फळ्याकडे पाहते आणि मोठ्याने म्हणते, "ब... द... क..." तिन्ही अक्षरे बरोबर. बाई विचारतात, "मग काय झालं?" ती गप्प राहते, नाहीतर शेजारच्या चित्राकडे बघून "हंस" म्हणून मोकळी होते. असा प्रसंग पहिलीच्या शिक्षकांना नवा नाही आणि त्यावरचे निदानही बहुधा ठरलेले असते: अक्षरे अजून पक्की झालेली नाहीत. मग पुन्हा पाटीवर 'ब' गिरवणे सुरू होते.

हे निदान चुकीचे आहे. मुलीला अक्षरे येतात. सुटे आवाज मनात धरून ठेवायचे आणि त्यांचा एक सलग शब्द करायचा, हे तिला जमत नाही. अक्षर ओळखण्याहून ही क्रिया वेगळी आहे. काही मुलांना ती आपोआप साधते, बऱ्याच मुलांना शिकवावी लागते. आपल्या बहुतेक वर्गांत मात्र ती वेगळी शिकवलीच जात नाही. अक्षरे आली की वाचन येणारच, असे गृहीत धरले जाते.

या गृहीतकाची किंमत 'असर' अहवालांत दिसते. 'प्रथम' संस्थेच्या या पाहणीत ग्रामीण भागातल्या मुलांच्या घरी जाऊन वाचन तपासले जाते आणि अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांवर मूल कुठे आहे ते नोंदवले जाते. तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी मुले देशभरात 2018 मध्ये 27.3 टक्के होती. कोरोनाच्या काळात शाळा बंद राहिल्या आणि 2022 मध्ये हे प्रमाण 20.5 टक्क्यांवर आले. 2024 मध्ये ते 27.1 टक्के झाले. घसरण भरून निघाली याचे समाधान जरूर मानावे. पण आपण ज्या जागी परत आलो, तिथेही चारांपैकी जवळपास तीन मुलांना गोष्ट वाचता येत नव्हती.

मराठी वाचनाचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. राज्य सरकारच्या नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयानुसार मराठी वर्णमालेत 52 वर्ण आहेत आणि त्यांतली व्यंजने 34. प्रत्येकाची बाराखडी धरली तर 408 रूपे होतात. 'बॅट' आणि 'ऑफिस' यांच्यासाठी घेतलेले ॲ आणि ऑ त्याहून वेगळे, जोडाक्षरांची तर गणतीच नाही. 'आधी सगळी मुळाक्षरे, मग बाराखड्या, मग वाचन' या क्रमाने जाणारा वर्ग पहिलीचे बहुतेक वर्ष तयारीतच घालवतो. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की अक्षरसंच पुरता आत्मसात व्हायला मुलांना प्राथमिक शाळेची कित्येक वर्षे लागतात. कन्नडची लिपी वेगळी असली तरी रचना देवनागरीसारखीच आहे. सगळी अक्षरे येईपर्यंत शब्द थांबवून ठेवणे म्हणूनच मुलांना परवडणारे नाही.

शब्द जोडताना मूल नेमके कुठे अडते? पहिली अडचण आपल्या लाडक्या घोकंपट्टीतच आहे. "क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि" हे पाठ म्हणणे कानाला गोड लागते, पण 'काना' हे चिन्हाचे नाव आहे, त्याचा आवाज 'आ'. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला 'सी-ए-टी' या नावांमधून 'कॅट' हा शब्द काढणे जसे जड जाते, तसेच मराठी मुलाला "म ला काना मा, स ला काना सा" यातून 'मासा' बाहेर काढणे जड जाते. दोन अक्षरांसाठी त्याने आठ शब्द उच्चारलेले असतात. शेवटाला पोचेपर्यंत पहिला 'मा' मनातून निसटतो, कारण लहान मुलाच्या तात्पुरत्या स्मृतीत फार थोड्या गोष्टी मावतात.

दुसरी अडचण अक्षरातल्या 'अ'ची. फळ्यावर 'ब', 'द', 'क' ही तिन्ही अक्षरे अकारान्त म्हणून शिकवलेली असतात, पण बोलताना आपण 'बदक्' म्हणतो, शेवटचा 'अ' गळतो. त्याच शब्दाचे अनेकवचन केले की 'बदकं', आणि आता मधल्या 'द'चा 'अ' गळून 'बद्-कं' असा उच्चार होतो. 'करवत' लिहायला चार अक्षरे लागतात, उच्चारात तुकडे दोनच: 'कर्-वत्'. लिपीत याची कुठेही खूण नाही. ज्याने तिन्ही अक्षरे पूर्ण उच्चारून जोडली त्याच्या हाती 'ब-द-क' असे काहीतरी अनोळखी येते, आणि हे आपल्या ओळखीचे बदक आहे, हे त्याच्या कानाला कळत नाही. जे मूल घरी प्रमाण मराठी बोलत नाही, ज्याची भाषा वारली, गोंडी किंवा पावरी आहे, त्याला हा शेवटचा अंदाज बांधणे आणखी अवघड.

तिसरी अडचण डोळ्यांची. 'किती' वाचताना डोळ्याला आधी वेलांटी भेटते, तोंडाने मात्र आधी 'क' म्हणायचा असतो. 'सूर्य' या शब्दात 'र' बसतो 'य'च्या डोक्यावर, पण उच्चारायचा 'य'च्या आधी. 'चार' आणि 'चाक' यांतला 'च' दिसतो सारखा, ऐकू येतो वेगळा. मोठ्यांना यातले काहीच जाणवत नाही, कारण सरावाने ते दिसेनासे झालेले असते.

या अडचणी पाहून अलीकडे अनेक शाळा इंग्रजी 'फोनिक्स'कडे वळल्या आहेत. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यातल्या लोस्टॉफ्ट गावच्या एका प्राथमिक शाळेत वाढलेली आणि 1992 मध्ये पुस्तकरूपाने आलेली 'जॉली फोनिक्स' पद्धत आज आपल्याकडच्या शहरांतल्या बालवाड्यांमध्येही पोचली आहे. तिच्यातली एक गोष्ट मोलाची आहे: अक्षरांची नावे बाजूला ठेवून आवाज शिकवायचे आणि पहिल्या काही आवाजांतच शब्द जोडायला लावायचे. पण ती पद्धत जशीच्या तशी मराठीवर बसवली की गोंधळ होतो. देवनागरीत वाढलेले कान 'ब'मध्ये 'अ' ऐकतातच, त्यामुळे 'ब्-ॲ-ट्' शिकवताना वर्गात ऐकू येते 'ब-ॲ-ट', आणि मूल प्रामाणिकपणे 'बॅट'च्या शेवटी एक 'अ' जोडते. उलट मराठी शिकवताना प्रत्येक 'क'चे 'क् अधिक अ' असे तुकडे पाडत बसणे पहिलीच्या मुलाला विनाकारण शिणवणारे आहे.

याचे कारण इसाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये अमेरिकेत केलेल्या एका साध्या प्रयोगातून कळते. मुलांनी शब्द ऐकायचा आणि त्यात जेवढे तुकडे असतील तेवढ्या वेळा टेबलावर टकटक करायची. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना शब्दातले उच्चारखंड, म्हणजे 'मा-सा' यासारखे तुकडे, मोजता आले. सुटे ध्वनी एकालाही मोजता आले नाहीत. पहिलीच्या अखेरीस, साधारण सहाव्या वर्षी, खंड मोजणारी मुले नव्वद टक्के झाली, ध्वनी मोजणारी सत्तर टक्के. लहान कानाला खंड आधी कळतो, ध्वनी नंतर. देवनागरीचे अक्षर हे बरेचसे खंडाच्या मापाचेच असते. मराठी मुलाला ही लिपी मुळातच एक सवलत देते. ती वापरायची तर सुरुवात अक्षर जोडण्यापासून हवी आणि अक्षराच्या आतल्या आवाजाकडे हळूहळू जायला हवे.

आत जाणे टाळता मात्र येत नाही. बाराखडी आपण आडवी म्हणतो: क, का, कि, की. तीच उभी म्हटली तर 'का, मा, ना, सा, ला' या रांगेत मुलाला काना दिसतो आणि 'आ' ऐकू येतो. एकदा हे कळले की 408 रूपे वेगवेगळी लक्षात ठेवावी लागत नाहीत. 34 व्यंजने आणि 12 स्वररूपे मिळून 46 गोष्टी आणि त्या जोडण्याची रीत, एवढेच शिकायचे उरते. वाचनाच्या पहिल्या वर्षातला सर्वांत मोठा फायदा तो हाच.

यातून कामाची दिशा स्पष्ट होते. पहिल्या गटात म, न, स, र, ल अशी चार-पाच व्यंजने आणि सोबत लगेच काना घ्यावा. म, न, स, र, ल यांचे आवाज लांबवता येतात, 'क' किंवा 'ट'सारखे ते तुटत नाहीत. मूल 'मममाााल' असे न थांबता म्हणू शकते आणि शब्द तोंडातच जुळतो. सेलेनिड गोन्झालेझ-फ्रे आणि लिनिया एहरी यांनी बालवाडीच्या इंग्रजीभाषक मुलांवर केलेल्या अभ्यासात, आवाज तोडून म्हणण्यापेक्षा असे जोडून म्हणण्याने नवे शब्द वाचणे अधिक चांगले जमले. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीतही माल, नाम, लाल, मासा, मामा, सारा असे खरे शब्द होतात, आणि पहिल्या काही आठवड्यांतच मूल 'लाल मासा' वाचून त्याचे चित्र काढू शकते. लांब शब्दाला एकेक तुकडा वाढवत न्यावे: 'क, र, कर', मग 'कर, वत, करवत'. मागे वळून पहिल्यापासून सुरुवात करण्याची पाळी मुलावर येत नाही.

हे महाराष्ट्रात कोणाला सुचलेलेच नाही असे अजिबात नाही. फलटणच्या बोलीवर पीएच.डी. केलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी तिथेच प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि मुलांना मराठी वाचायला कसे शिकवावे यावर आयुष्य वेचले. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात 'क्वेस्ट' ही संस्था आदिवासी भागातल्या शाळांमध्ये याच प्रश्नावर काम करते. शैलजा मेनन यांच्या नेतृत्वाखालच्या 'लिरिल' अभ्यासाने वाडा आणि कर्नाटकातले यादगीर इथल्या मुलांचे वाचन पहिली ते तिसरी असे सलग पाहिले. मूळ अक्षर ओळखणारी पुष्कळ मुले काना-मात्रा लागताच आणि शब्द होताच अडतात, हे त्यात ठळकपणे दिसले. ज्ञान आहे, अनुभव आहे, तो पहिलीच्या प्रत्येक वर्गापर्यंत पोचलेला नाही.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. कृष्ण कुमार यांच्यासारखे शिक्षणतज्ज्ञ अनेक वर्षे सांगत आले आहेत की वाचन म्हणजे अर्थ लावणे, आणि अर्थाशिवाय अक्षरे घोकणारी शाळा मुलाची भाषाच मारून टाकते. ते खरे आहे. गोष्टी ऐकणे, चित्रांवर बोलणे, आपल्या बोलीत सांगणे आणि बाईंनी ते फळ्यावर लिहिणे, हे सगळे पहिल्या दिवसापासून हवेच. पण फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी 1986 मध्ये मांडल्याप्रमाणे वाचन हा उलगडणे आणि समजणे यांचा गुणाकार आहे. दोन्हींपैकी एक शून्य असले की उत्तर शून्य. गोष्टींनी समृद्ध झालेल्या मुलालाही छापलेला अनोळखी शब्द स्वतः जुळवता आला नाही, तर ते कायम दुसऱ्याच्या वाचण्यावर अवलंबून राहते. आणि त्याची सर्वाधिक झळ बसते ती घरी पुस्तक नसलेल्या, शिकवणी न परवडणाऱ्या मुलाला.

तिसरीअखेर प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट 2021 मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने 2026-27 साठी ठेवले आहे. तिसरीत तपासायचे आणि मग धावाधाव करायची, यात मुलाची दोन वर्षे वाया जातात. इंग्लंडमध्ये 2012 पासून साधारण सहा वर्षांच्या मुलांची चाळीस शब्दांची तपासणी होते. त्यातले निम्मे शब्द निरर्थक असतात, कारण ते पाठांतराने किंवा चित्र पाहून वाचता येत नाहीत. मराठीतही हे सहज करता येईल: 'नासू', 'लोमी', 'रेमस' असे दहा शब्द, पहिलीच्या दिवाळीच्या सुट्टीआधी, मुलाला गुण न देता. 'नासू'ला 'नासा' म्हणणाऱ्याला उकारावर काम हवे. 'ना... सू...' म्हणून थांबणाऱ्याला अक्षर येते, जोडणे येत नाही. 'लासू' म्हणणाऱ्याला अजून 'न' आणि 'ल' वेगळे करायचे आहेत. एका मुलाला दोन मिनिटे धरली तर तीस मुलांच्या वर्गाला एक तास लागतो, आणि वर्षाचे निम्म्याहून अधिक दिवस शिल्लक असतानाच बाईंना कळते की उद्यापासून कोणत्या मुलाला नेमके काय शिकवायचे आहे.