कचऱ्याचे पैसे

आमच्या मंडळीचे प्रीतिभोजन गेल्या हिवाळ्यात मंदिराच्या आवारात झाले. भोजन झाले, गीते झाली, मंडळी आनंदाने घरोघर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी आली, तेव्हा पत्रावळ्या, उरलेला रस्सा, प्लास्टिकचे पेले आणि लोणच्याच्या फुटलेल्या बरणीच्या काचा असे सर्व एकाच गोणीत कोंबलेले होते. गाडीवरच्या बाईने गोणी तेथेच ओतली व हाताने निवडू लागली. तिचे बोट कापले. आमच्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी धावत जाऊन चिंधी आणली, हळदही आणली, आणि मग सहज म्हणाले, "आपण दरमहा पैसे भरतोच ना. निवडण्याचे काम त्यांचेच."

हे गृहस्थ कठोर मनाचे नाहीत. मंडळीत कोणी आजारी पडले तर सर्वांआधी तेच जातात. म्हणूनच त्यांचे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. आमच्यापैकी बहुतेकांचे मत तेच आहे. त्यांनी ते बोलून दाखविले इतकेच. पैसे भरल्याने माणूस नेमका कशातून मोकळा होतो, हा प्रश्न तेव्हापासून आमच्यापुढे आहे.

प्रथम हे पैसे कोठून येतात ते पाहू. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने कचऱ्याची व्यवस्था नगरपालिकांच्या कामांच्या यादीत घातली. काम मिळाले, त्या मानाने उत्पन्न मिळाले नाही. घरपट्टीबरोबर येणारा सफाईचा अंश, सरकारी अनुदान आणि २०१६ च्या केंद्रीय नियमांनी घरोघर घ्यावयास सांगितलेले शुल्क, अशा झऱ्यांवर हा गाडा चालत आला आहे. अनुदानातून गाडी विकत घेता येते, यंत्र बसविता येते. परंतु चालकाचा पगार, डिझेल, झिजलेला टायर हे दर महिन्याचे दुखणे आहे, आणि ते बहुधा गावालाच निभवावे लागते. त्यातही मोठा भाग कचरा गोळा करण्यात व वाहून नेण्यातच संपतो. नेल्यावर त्याचे काय करावयाचे यासाठी थोडेच उरते. परिणामी पुष्कळ ठिकाणी कचरा आमच्या दारातून निघून दुसऱ्याच्या दारात जातो. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षे सोसला. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला पडू लागला. तेथे २०१६ च्या जानेवारीत आग लागली तेव्हा धूर कित्येक दिवस शहरावर पसरला होता. कोणी शुल्क भरले आणि कोणी नाही, हे काही धूर विचारीत बसला नाही.

इंदूरला ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी तेथील रीत पाहिलीच असेल. देशातील शहरांच्या स्वच्छतेच्या पाहणीत २०१७ पासून ते शहर ओळीने पहिले येत राहिले; २०२३ च्या पाहणीत सुरतेबरोबर ते पहिले ठरले. देवगुराडियाचे जुने कचरामैदान त्यांनी उपसून मोकळे केले, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत तेथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस काढणारा कारखाना सुरू झाला. रोज १७ हजार किलो गॅसची त्याची योजना, आणि त्यातील काही गॅस शहराच्या बसगाड्यांसाठी. लोक त्या कारखान्याचे कौतुक करतात, ते योग्यच आहे. पण आम्हांस त्याहून महत्त्वाचे वाटते ते स्वयंपाकघर. ओल्यात प्लास्टिक, काच मिसळलेली असेल तर एवढे यंत्र अडते. भाजीची देठे निराळ्या डब्यात टाकणारी गृहिणी हीच त्या कारखान्याची पहिली कामगार आहे, आणि तिला पगार नाही. तिच्या वाटचे ते एक मिनिट शुल्क भरून कोणालाही विकत घेता येत नाही.

येथे कोणी म्हणेल की वीज, टेलिफोन यांचे आपण पैसे देतो आणि विसरतो, तसेच हे. आम्हांस तसे वाटत नाही. विजेचे बिल थकले तर थकविणाऱ्याच्या घरी अंधार होतो. कचऱ्याचे शुल्क थकले म्हणून गाडी थांबविली, तर माश्या शेजाऱ्याच्या घरी जातात. जी गोष्ट न देणाऱ्यापासून काढून घेता येत नाही, तिचा पैसा हा किंमत नसून वाटा असतो. आणि वाट्याचे गणित निराळे. एका खोलीत राहणारी विधवा आठवड्यात जेवढा कचरा करते, तेवढा बंगल्यातील एका वाढदिवसात होतो; दोघांना सारखीच आकारणी असेल तर ती न्याय्य कशी? दक्षिण कोरियाने १९९५ पासून याला एक उत्तर दिले: कचरा ठराविक पिशवीतच टाकावयाचा, आणि पिशवीच्या किमतीतच त्याच्या विल्हेवाटीचा खर्च. जितका कचरा, तितक्या पिशव्या. आमच्याकडे ही रीत चालेल की लोक रात्री नाल्यात पिशव्या सोडतील, याची आम्हांस धास्ती आहे.

पुण्यात दुसरी वाट निघाली. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली, आणि २००८ मध्ये त्यांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. घरे शुल्क थेट त्या बाईच्या हाती देऊ लागली. सुका माल विकून येणारा पैसाही तिचाच. ज्या हाताने कचरा उचलला त्याच हातात पैसा पडू लागला, तेव्हा देणाऱ्याला तो हात नीट दिसू लागला असावा.

नहेम्याच्या पुस्तकात यरुशलेमेच्या कोटाची डागडुजी कोणी कोणी केली याची लांबलचक यादी आहे. आम्ही लहानपणी ती वाचताना कंटाळत असू. त्यात उकिरडा वेस आहे, शहरातील घाण बाहेर नेण्याची वेस. ती दुरुस्त केली एका परगण्याच्या अधिकाऱ्याने, आणि त्याचे नाव तेथे नोंदलेले आहे. त्याने मजूर लावले की स्वतः दगड उचलले, हे लिहिलेले नाही. शब्बाथ शाळेतील एका मुलाने हाच प्रश्न आमच्या शिक्षिकाबाईंना विचारला, आणि त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की ठाऊक नाही.

पुढील प्रीतिभोजनासाठी समितीने तीन पिंप आणले आहेत. ओल्याच्या व सुक्याच्या पिंपाविषयी वाद नाही. काचेच्या पिंपापाशी कोणी उभे राहावयाचे, यावर गेल्या सभेत अर्धा तास गेला. शेवटी त्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी आपले नाव दिले.