मुंजा गेला, झाड राहू द्या



बांधावरची जुनी चिंच विकली नाही असे घर आपल्या वस्तीत किती उरले? लग्न ठरते, आजारपण येते, भावाभावांत वाटणी होते आणि पहिली नजर झाडावर जाते. व्यापारी येऊन बुंध्याला हात लावतो, किंमत सांगतो आणि पणजोबाच्या वेळचे झाड एका दुपारी आडवे होते. गरज खोटी नसते, हे मी जाणतो.

परंतु विचार करा. पूर्वी पिंपळावर मुंजा बसतो, वडाखाली म्हसोबा असतो, या भीतीने कुऱ्हाड थांबत असे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला पूज्य बाबासाहेबांनी या भीतीतून बाहेर पडण्याची वाट दाखविली. मुंजा गेला, उत्तम झाले. पण त्याच्याबरोबर झाडाचा राखणदारही गेला! त्याच्या जागी आपण काय ठेवले?

काहीजण म्हणतात, पिंपळ बोधिवृक्ष आहे, तो तोडू नये. बरोबर आहे. पण त्याला दोरे गुंडाळू लागलात तर मुंजाच परत आला समजा. बुद्धगयेचा जुना पिंपळ 1876 साली वादळात कोसळला. तेथेच 1881 साली कनिंगहॅमने रोप लावले. आज यात्रेकरू पाहतात ते हेच झाड. आणि संघमित्रेने सिंहलद्वीपात नेलेल्या फांदीचा वृक्ष अनुराधपुरात अजून उभा आहे. झाड पडायचेच, कोणी रोप लावून ठेवले होते का, एवढाच प्रश्न.

झाडे-वेली तोडण्यास विनयात बंदी आहे ती भिक्खूंना. शेतकऱ्याने बाभळीलाही हात लावू नये असे धम्म सांगत नाही. गृहस्थाने संयुत्तनिकायातील वनरोप सुत्त वाचावे. कोणाचे पुण्य रात्रंदिवस वाढते, असा तेथे प्रश्न आहे. उत्तरात यज्ञ करणारा नाही. बागा आणि वने लावणारा, पूल बांधणारा, पाण्याची सोय करणारा, निवारा देणारा आहे. सम्राट अशोकानेही रस्त्याकडेला वड लावले ते माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून. तसे त्याने स्तंभलेखात कोरूनच ठेवले आहे.

सावली! ज्यांच्या वाडवडिलांना गावच्या पारावर बसू दिले जात नव्हते, त्यांना मी सावलीची किंमत काय सांगावी? वतने 1958 च्या कायद्याने रद्द झाली. जमीन ज्यांच्याकडे राहिली, त्यांच्या तुकड्यावरची चिंच ही त्या घराची पहिली हक्काची सावली होती. तीच आपण जळणाच्या भावाने देतो!

आणखी एक. चिंच, आंबा, मोह, जांभूळ ही झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. व्यापारी हे सांगत नाही. वाटणीत झाड सामाईक ठेवा, चिंचेचे पैसे वाटून घ्या. बुंध्याशी पाचट जाळू नका, नांगर मुळांवरून नेऊ नका; कितीतरी झाडे कुऱ्हाडीविनाच अशी वाळतात. तोडणे टळतच नसेल तर दोन पावसाळे आधी शेजारी रोप लावा. चिंचोका रात्रभर पाण्यात भिजवून जूनमध्ये पुरला की रुजतो, माझ्या वर्गातल्या पोरांनाही हे ठाऊक आहे. फळ धरायला सात-दहा वर्षे लागतात. पहिली दोन-तीन वर्षे शेळ्यांपासून काट्यांचे कुंपण तेवढे करा.