जखमी जवानाचे घर

नवी मुंबईत ऐरोलीपासून घणसोली-कोपरखैरण्यापर्यंतच्या पट्ट्यात साताऱ्या-सांगलीकडची घरे पुष्कळ. पाटण, जावळी, शिराळ्याकडची माणसे माथाडी कामासाठी मुंबईला आली. घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला हलला तशी तीही खाडी ओलांडून इकडे स्थिरावली. अशा घरांत एक भाऊ पाठीवर गोण्या वाहणारा आणि दुसरा पलटणीत, ही गोष्ट नवलाची नाही. शहरात आल्याने भरतीची परंपरा तुटली नाही. त्यामुळे सीमेवर काही घडले की त्याची धग इथल्या सेक्टरांतही लागते.

जवान धारातीर्थी पडला तर सगळा परिसर रस्त्यावर येतो. फलक लागतात, दुकाने बंद राहतात, पुढे एखाद्या चौकाला नाव दिले जाते. ते योग्यच आहे. पण जवान जखमी झाला, अनेक महिने लष्करी रुग्णालयात राहिला आणि चाकाच्या खुर्चीतून घरी आला, तर काय होते? पहिले काही दिवस नातेवाईक येतात, सोसायटीचे लोक शाल-श्रीफळ देऊन जातात. मग माणसांची ये-जा थांबते आणि उरते ते घर: तो, त्याची बायको, म्हातारी आई, शाळेत जाणारे एखादे मूल. माझे म्हणणे या उरलेल्या घराविषयी आहे. शरीर सावरण्याचे सर्वांत लांबलेले आणि सर्वांत कष्टाचे काम इथे होते, आणि इथेच मदत सर्वांत कमी पोचते.

लष्कराने आपल्या वाट्याचे काम केले नाही, असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्राला तर या बाबतीत अभिमान वाटावा असा वारसा आहे. पहिल्या महायुद्धात हात-पाय गमावलेल्या हिंदी सैनिकांना नवा हुन्नर शिकवण्यासाठी १९१७ मध्ये लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झाले. पुढे ते पुण्याजवळ खडकीला गेले आणि आजही तिथे चालू आहे. दुसरे महायुद्ध संपायच्या आत, १९४४ मध्ये, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. नागरिकांनाही तिथे पाय बसवून मिळतो. १९७१ च्या युद्धानंतर, १९७४ मध्ये, मणक्याला मार लागून कमरेखाली किंवा मानेखाली लुळे झालेल्या जवानांसाठी खडकीतच पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र निघाले. हाताची बोटेही हलत नसलेले जवान तिथे तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. ज्यांना घरी सांभाळणारे कोणी नाही त्यांना हे केंद्र आयुष्यभराचा आसरा देते. पण जागा मोजक्या, आणि बहुतेकांना घरीच जायचे असते. जायलाच हवे.

घरी गेल्यावर काय लागते, हे मणक्याच्या दुखापतीचा इतिहास पाहिला की कळते. पहिल्या महायुद्धात मणका मोडलेले बहुतेक सैनिक पुढे फार जगले नाहीत. त्यांचा जीव गोळीने गेला नव्हता. एकाच कुशीवर पडून राहिल्याने झालेल्या जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने गेला होता. हिटलरच्या जर्मनीतून निसटून आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमान यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल इथे या रुग्णांचा विभाग हाती घेतला. त्यांचा मुख्य नियम अगदी साधा होता: दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. जोडीला मूत्राशयाची काटेकोर स्वच्छता आणि जमेल तितक्या लवकर काम व खेळ. १९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनादिवशीच त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. पॅरालिम्पिकचे मूळ त्या हिरवळीवर आहे.

आता हा नियम ऐरोलीतल्या एका खोली-स्वयंपाकघराच्या घरात लावून पाहा. दर दोन तासांनी कूस बदलायची ती कोणी? बायकोने. कॅथेटर उकळून ठेवायचा, पिशवी रिकामी करायची, पोट साफ होण्याची वेळ सांभाळायची, टाचा आणि माकडहाड रोज उजेडात तपासायचे, कारण तिथे टेकल्याचे त्याला कळत नाही. लाल डाग दिसला की बेडसोरची सुरुवात. एअर मॅट्रेसचा पंप रात्री बंद पडला तर ते तिच्याच लक्षात यायला हवे. रुग्णालयात तीन पाळ्यांत वाटलेले काम इथे एकटीवर येते, आणि सकाळी डबा, शाळा, सासूची औषधे हे सगळे आहेच. तिची कंबर धरते, तिची झोप मोडते, नोकरी असेल तर ती सुटते. या बाईची तपासणी कोणत्याही मेडिकल बोर्डापुढे होत नाही.

सरकारी भाषेत अपंगत्व टक्क्यांत मोजले जाते. पन्नास टक्क्यांपेक्षा कमी भरले तर पन्नास, त्यापुढे पंचाहत्तर, त्यापुढे शंभर धरावे, ही सोय पूर्वी अपंगत्वामुळे मुदतीआधी सेवेतून काढलेल्यांनाच होती. पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही ती मिळावी, हे २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. त्याआधी वर्षभर, धरमवीर सिंग खटल्यात, भरतीच्या वेळी धडधाकट नोंदलेल्या माणसाचा आजार सेवेमुळे झालेला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे, असा निकाल आला. दोन्ही निकाल जवानांच्या बाजूने आहेत. पण शिपाई असलेल्या माणसाला न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या हेही त्यांच्यात लिहिलेले आहे. शंभर टक्के अपंगत्व असलेल्याला चोवीस तास सोबत लागत असेल तर त्यासाठी वेगळा भत्ता आहे. सातव्या वेतन आयोगानंतर तो महिना ४,५०० रुपयांवरून ६,७५० झाला. नवी मुंबईत दिवसपाळीची आया ठेवायची म्हटली तरी या पैशांत महिना निघत नाही. म्हणजे हा भत्ता बायको किंवा आई फुकट राबेल असे धरूनच ठरवलेला आहे.

ज्यांच्यापर्यंत एवढेही पोचत नव्हते असेही तरुण आहेत. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आपल्या दारातली. तिथे किंवा डेहराडूनच्या लष्करी अकादमीत प्रशिक्षणात जायबंदी होऊन घरी पाठवलेल्या छात्रांना माजी सैनिक म्हणूनही गणले जात नव्हते, कारण अधिकारी होण्याआधीच त्यांचा अपघात झाला होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतल्यावर त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे दार उघडले. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला अंथरुणावर सांभाळणाऱ्या आईबापांनी त्याआधीची वर्षे कशी काढली असतील, हे मनातून जात नाही.

मुरलीकांत पेटकरांची गोष्ट आता चित्रपटामुळे घरोघरी पोचली आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा जवान मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या युद्धात सियालकोट भागात त्याला गोळ्या लागल्या, एक मणक्यात रुतून राहिली. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्याने ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. जिद्द होतीच. पण तिच्या आजूबाजूला काय होते तेही पाहायला हवे. कुलाब्याच्या अश्विनी या नौदल रुग्णालयात पोहणे हा उपचाराचा भाग होता. परदेशी जायला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी मदत उभी केली. आणि पुढे पुण्याच्या टेल्कोत नोकरी होती, म्हणजे पदकानंतरच्या प्रत्येक महिन्याचा पगार. यातले एक जरी नसते तर तीच जिद्द घरातल्या खाटेवर झिजून गेली असती. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले, अर्जुन पुरस्काराच्या जीवनगौरवाला २०२५. सन्मानाला उशीर झाला तरी माणूस जगू शकला, कारण नोकरी वेळेवर मिळाली होती.

ऐरोलीला कामाचा तुटवडा नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत माइंडस्पेससारख्या संकुलांत हजारो लोक संगणकापुढे बसून काम करतात. माजी सैनिक तिथे दिसतात ते बहुधा फाटकावर, सुरक्षारक्षकाच्या गणवेशात. हे काम सन्मानाचे आहे, पण ज्याचा पाय गेला त्याला बारा तास उभे राहता येत नाही. ज्याचे हात आणि डोके शाबूत आहेत त्याच्यासाठी फाटकाच्या आतली खुर्ची मोकळी व्हायला हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही. मात्र २०२१ मध्ये केंद्राने सैन्यदलातील लढाऊ पदे या तरतुदीतून वगळली. लष्कराची अडचण मी समजू शकतो. पण तिथे जे दार बंद झाले ते बाहेर कुठेतरी उघडले पाहिजे, आणि ऐरोलीइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. गोणी घेऊन ट्रकवरून पडलेल्या माथाडी भावाचाही तोच मणका मोडतो; मग जवानाचेच एवढे का? मी हा प्रश्न टाळणार नाही. जवानाचा हक्क वेगळा आहे, कारण त्याला तिथे आपण पाठवले. पण त्याच्यासाठी घराजवळ उभारलेली सोय भिंत घालून वेगळी ठेवायची गरज नाही. स्टोक मँडेव्हिलमध्ये सैनिकांसाठी शिकलेले शास्त्र जगभरच्या नागरिकांच्या कामी आले. ऐरोलीत याची उलट बाजू दिसते: नागरिकांसाठी उभारलेले ज्ञान जवानांच्या कामी येऊ शकते. इथल्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचा दान करता येते, रक्तगट जुळावा लागत नाही, ग्लिसरॉलमध्ये ती काही वर्षे टिकते. सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेची पहिली त्वचापेढी दिल्लीत २०२४ मध्ये निघाली. त्याच्या पंधरा वर्षे आधीपासून आपल्या गावात हे काम चालू आहे. सियाचिनमध्ये जुलै २०२३ मध्ये लागलेल्या आगीसारख्या घटनेत जवान भाजतात, तेव्हा याच ज्ञानाची गरज पडते. भाजलेला माणूस घट्ट बसणारे दाबकपडे दिवसरात्र कित्येक महिने घालतो, आखडणारे सांधे रोज ताणून घेतो, आरशाची सवय पुन्हा लावून घेतो. हे सगळे घरच्यांना शिकवावे लागते, हे अशा केंद्रातल्या माणसांना चांगले ठाऊक असते.

मनाची जखम याहून अवघड, कारण ती दिसत नाही. रात्री दचकून उठणारा, फटाक्यांच्या आवाजाने खोलीत दडणारा, दारूकडे वळलेला नवरा लोकांना फक्त तापट वाटतो. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ पासून सैन्यदलांसाठी टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा स्वतंत्र कक्ष आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो. हा क्रमांक बायकोलाही माहीत हवा. बहुतेकदा पहिला फोन तिलाच करावा लागणार.

माजी सैनिकांची नोंद ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होते. दिव्यांगांसाठी नवी मुंबई महापालिकेचे वाशीतले ईटीसी केंद्र आहे, ऐरोलीत राजमाता जिजाऊ रुग्णालय आहे. या तिघांनी मिळून जखमी जवानांच्या आणि मणका मोडलेल्या कामगारांच्या घरांची एक यादी करावी. आठवड्यातून एकदा परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट त्या घरी जावेत. महिन्यातून दोन दिवस रुग्णाला केंद्रात ठेवून घ्यावे, म्हणजे घरच्या बाईला दोन रात्री सलग झोप मिळेल. तळमजल्यावरचे घर अदलाबदलीने हवे असेल तर सिडको आणि सोसायटीने ती फाइल अडवू नये. आणि सोबतीचा तो भत्ता वाढवून, जी सोबत करते तिच्या नावावर, तिच्याच खात्यात जमा व्हावा.