गुणपत्रिकेची मुदत

एखाद्या माणसाविषयी पूर्वी केव्हातरी झालेली प्रतिकूल नोंद किती काळ त्याच्याविरुद्ध वापरावी, हा प्रश्न शासकीय सेवेत हयात घालवलेल्यांना नवा नाही. दाव्याला मुदत असते, अपिलाला मुदत असते. कार्यालयातील नस्त्यासुद्धा ठरावीक वर्षांनी नष्ट करण्याचे नियम असतात. दहावीच्या गुणपत्रिकेला मात्र अशी कोणतीही मुदत नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी, परीक्षेच्या मोजक्या दिवसांत पदरी पडलेली टक्केवारी पुढे बाविसाव्या-तेविसाव्या वर्षीच्या अर्जात जशीच्या तशी उतरवावी लागते. जेथे जागा थोड्या आणि इच्छुक अफाट, तेथे तिच्यावरून निर्णयही होतात. हे व्यवहाराला सोयीचे आहे हे उघडच आहे. ते न्यायाला धरून आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

उदाहरण आमच्या गावातीलच घेता येईल. इंदुरात १९९६ साली भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाली आणि राऊजवळच्या टेकडीवरील तिचा परिसर आज गावातील प्रत्येक मध्यमवर्गीय घराच्या स्वप्नात आहे. या संस्थांच्या प्रवेशासाठी 'कॅट' ही दोन तासांची परीक्षा द्यावी लागते. परीक्षेला बसण्याची अट अगदी उदार आहे : पदवीला ५० टक्के गुण, अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग उमेदवारांना ४५. दहावीचा तेथे पात्रतेसाठी प्रश्नच येत नाही. परंतु परीक्षेनंतर मुलाखतीला कोणाला बोलवायचे याची यादी होते, तेव्हा त्यांतील अनेक संस्था दहावी व बारावीच्या टक्केवारीलाही भार देत आल्या आहेत. हे निकष दरवर्षी जाहीर होतात, थोडेफार बदलतातही, आणि संस्थेसंस्थेत ते वेगळे असतात. तेव्हा लपवाछपवीचा आरोप कोणी करू नये. तरीही वस्तुस्थिती अशी, की पहिल्या दारावर 'या' असे लिहिलेले असते आणि दुसऱ्या दारावर जुना हिशेब मागितला जातो.

या व्यवस्थेच्या बाजूने जे सांगितले जाते ते पोकळ नाही. दोन तासांच्या परीक्षेत नशिबाचा वाटा असतो, शिकवणी वर्गांच्या युक्त्यांचा तर फारच मोठा असतो. वर्षानुवर्षे सातत्याने अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचे श्रेय नको काय? शिवाय जुने गुण विसरा असे म्हणणारा माणूस आपल्या खिशातून काही देत नसतो. जागा तेवढ्याच असतात. एकाचे साठ टक्के विसरायचे म्हणजे दुसऱ्याचे पंचाण्णव टक्केही विसरायचे, आणि ते पंचाण्णव टक्के कोणीतरी रात्री जागून मिळवलेले असतात. दयाळूपणा दाखवताना तो कोणाच्या खर्चाने दाखवतो आहोत, हे पाहिलेच पाहिजे.

प्रश्न आहे तो या जुन्या गुणांचे आज प्रमाण म्हणून मोल किती, हा. (आमच्या वेळी साठ टक्के म्हणजे प्रथम श्रेणी असे आणि त्याचे पेढे वाटले जात. आज त्याच साठ टक्क्यांना घरात दाराआड कुजबुज होते. आकडा तोच, पण त्याचा अर्थ तीस-चाळीस वर्षांत पार पालटला, एवढेही लक्षात ठेवले तरी आकड्यांविषयीची आपली श्रद्धा थोडी कमी होईल.) २०२१ साली बारावी झालेल्या मुलांचे पाहा. करोनाच्या साथीमुळे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची बारावीची परीक्षा रद्द झाली आणि लेखी भागाचे गुण एका सूत्रानुसार ठरले : ३० टक्के भार दहावीला, ३० टक्के अकरावीला, ४० टक्के बारावीतील चाचण्यांना. त्यातही शाळेच्या मागील वर्षांच्या निकालाशी मेळ घालण्याची अट होती. त्या संकटात मंडळाने दुसरे काय करायचे होते, हे मलाही सांगता येणार नाही; असमाधानी विद्यार्थ्यांना पुढे परीक्षा देण्याची मुभाही ठेवली होती. परंतु ज्यांनी ती दिली नाही, अशा मुलाच्या अर्जाचा आज विचार करा. त्याची दहावी एकदा दहावी म्हणून मोजली जाते आणि दुसऱ्यांदा बारावीच्या पोटात शिरून मोजली जाते. एकच नोंद दोनदा भोवते. लेखापरीक्षणात एक रक्कम दोन शीर्षांखाली दाखवली तर आक्षेप निघतो. येथे तो कोणी काढीत नाही.

शासकीय सेवेत वार्षिक गोपनीय अहवाल, म्हणजे आमच्या भाषेत सी. आर., हे मोठे भयकारी प्रकरण असे. एका नाराज वरिष्ठाच्या एका ओळीने माणसाची झोप उडत असे. तरी तेथेही काळाचा विचार होता. पदोन्नती समिती साधारणतः मागील पाच वर्षांचे अहवाल पाहत असे, रुजू झाल्यापासूनचे नव्हे. १९९२ साली बैकुंठनाथ दास यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अनिवार्य सेवानिवृत्तीविषयी जी तत्त्वे मांडली, त्यांत संपूर्ण सेवेचा अभिलेख पाहावा पण अलीकडच्या वर्षांतील कामगिरीला अधिक महत्त्व द्यावे, असे सांगितले आहे. प्रतिकूल शेरे असूनही कर्मचाऱ्याला पदोन्नती मिळाली असेल, विशेषतः ती ज्येष्ठतेवर नव्हे तर गुणवत्तेवर मिळाली असेल, तर त्या शेऱ्यांतील डंख जातो, हेही त्याच निकालात आहे. नोंद खोडली जात नाही. ती वाचायची, पण नंतर काय घडले त्याच्या उजेडात वाचायची. दहावीत साठ टक्के मिळवणारा मुलगा पुढे पदवी परीक्षेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला, तर त्याला ती गुणवत्तेवर मिळालेली पदोन्नती का समजू नये?

याहून विलक्षण एक विसंगती आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ अन्वये, ज्या बालकाच्या हातून अपराध घडला आणि ज्याच्यावर त्या कायद्याखाली कारवाई झाली, त्याला त्या दोषसिद्धीमुळे पुढील आयुष्यात कोणतीही अपात्रता चिकटत नाही. ठरलेल्या काळानंतर त्याचा अभिलेख नष्ट करावयाचा असतो. सोळा वर्षांवरील मुलांच्या अत्यंत गंभीर अपराधांपुरता अपवाद आहे. म्हणजे पंधराव्या वर्षी चोरी करणाऱ्या मुलाविषयी आपला कायदा म्हणतो, की हे वय घडण्याचे आहे, याच्यावर कायमचा शिक्का मारू नका. त्याच वयात बीजगणिताकडे दुर्लक्ष करणाऱ्या मुलाविषयी असे म्हणणारे कोणी नाही. शिक्षा आणि निवड या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद मला मान्य आहे. निवड न होणे म्हणजे दंड नव्हे. पण दोन्हींच्या मुळाशी मनुष्यस्वभावाविषयी एक समजूत असते, आणि ती एकाच समाजात एकाच वयाच्या मुलांसाठी परस्परविरुद्ध असावी, याचा उलगडा होत नाही.

या चर्चेत रामानुजनांचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. कुंभकोणमच्या महाविद्यालयात गणिताखेरीज अन्य विषयांत अपयश आल्याने त्यांची शिष्यवृत्ती गेली, पुढे मद्रासला एफ. ए.ची परीक्षाही त्यांना पार करता आली नाही. तेच १९१४ साली केंब्रिजला पोहोचले. हे नाव घेऊन प्रत्येक कमी गुणांच्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती मला पसंत नाही. असा माणूस शतकात एखादा; त्याच्यावरून प्रवेशाचे नियम करता येत नाहीत. त्या कथेत शिकण्यासारखे आहे ते रामानुजनांपेक्षा त्यांचे कागद ज्यांच्या हाती पडले त्यांच्याकडून. जानेवारी १९१३ मधील त्या पत्रासोबत प्रमाणपत्र नव्हते, गणिताची सूत्रे होती. हार्डींनी ती लिटलवुड यांच्याबरोबर बसून तपासली. मद्रास विद्यापीठानेही त्याच वर्षी पदवी नसलेल्या या कारकुनाला दरमहा ७५ रुपयांची संशोधन-शिष्यवृत्ती दिली. समोर ताजे काम असताना जुना निकाल बाजूला ठेवण्याचे धारिष्ट, तेही एका विद्यापीठीय समितीने दाखवावे, हे मला त्या सूत्रांइतकेच आश्चर्याचे वाटते.

मग पंचाण्णव टक्केवाल्या मुलीचे काय? माझे मत असे, की तिची मेहनत खरी असेल तर ती पुढच्या वर्षांतही दिसेल, आणि तेथे तिला तिचे श्रेय मिळेलच. पुढे ती दिसली नसेल, तर जुन्या मेहनतीवर आजचा हक्क सांगणे हेही मुदत संपलेल्या कागदावर वसुली मागण्यासारखे आहे. दोन उमेदवार सर्वार्थाने समान असतील तेव्हा जुने गुण जरूर पाहावेत. पण जसजसा नवा पुरावा येईल तसतसा जुन्याचा भार उतरला पाहिजे.

ऑक्सफर्ड, केंब्रिज यांसारखी विद्यापीठे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेतील श्रेणी पाहताना ती कोणत्या शाळेत मिळाली, तेथील इतर मुलांना काय मिळाले, हेही पाहतात. हे शहाणपणाचे आहे. मात्र परिस्थितीचा विचार करण्याच्या या पद्धतीत एक नाजूक अडचण आहे आणि तिचा अनुभव मला आमच्या वसाहतीतील एका मुलीमुळे आला. तिला दहावीत एकसष्ट टक्के होते. पुढे सांख्यिकी घेऊन ती पदवीला चांगली चमकली, नोकरीला लागली, 'कॅट'मध्येही तिने उत्तम गुण मिळवले. मुलाखतीत दहावीविषयी विचारणार हे ठरलेले. शिकवणी वर्गातील मार्गदर्शकाने सल्ला दिला, की त्या वर्षी घरात आजारपण होते असे सांग. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, आजी खरंच आजारी होती. फक्त त्या वर्षी नव्हती."

मी हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तिच्या बाबतीत सांगण्याजोगे कारणच नव्हते. वडिलांची नोकरी शाबूत होती, शाळा बरी होती. त्या वर्षी तिचे अभ्यासात लक्ष नव्हते, इतकेच. दारिद्र्य, आजारपण, शोक यांना आपण सहानुभूती देतो आणि ती द्यावीच. पण सहानुभूतीसाठी संकटाचा दाखला आवश्यक केला, की ज्यांच्याकडे संकट नसते ते ते तयार करू लागतात. पंधराव्या वर्षी माणूस पंधरा वर्षांचा असतो, हे कारण म्हणून पुरेसे का धरू नये? वाढ व्हायला दर वेळी आपत्तीच लागते असे थोडेच आहे!

मी तिला एवढेच सांगितले, की आजीला मध्ये आणू नकोस. बाकी तू ठरव. अर्ज केलेल्या तीन संस्थांपैकी दोघींनी तिला मुलाखतीला बोलावले, तिसरीच्या यादीत तिचे नाव आले नाही. पहिल्या मुलाखतीत तो प्रश्न आलाच. "त्या वर्षी मी अभ्यास केला नाही, सर," असे तिने उत्तर दिले. समितीतील एका गृहस्थांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिले आणि पुढचा प्रश्न तिच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षातील विषयावर विचारला. त्यावर, ती सांगत होती, पंधरा मिनिटे बोलणे झाले. निकाल अजून यायचा आहे.